भरवणे

बाळाच्या पहिल्या घासाला मराठीत ‘उष्टावण’ असा स्वतंत्र शब्द आहे. त्याला मुहूर्त असतो, चांदीची वाटी असते, मामाचा मान असतो. आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला जे घास द्यावे लागतात, त्यांना मात्र वेगळे नाव सापडत नाही. तिथेही आपण ‘भरवणे’ हेच क्रियापद वापरतो. बाळाला त्याचे काही वाटत नाही. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला तो शब्द ऐकू येतो, आणि लागतोही.

अर्धांगवायूनंतर आईची गिळण्याची शक्ती मंदावली. रुग्णालयातून निघताना आहाराचा छापील कागद मिळाला, त्यात सगळा हिशेब ग्रॅमचा होता. हिशेब चुकीचा नव्हता. प्रौढ माणसाला वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत, असे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० सालची शिफारस सांगते; म्हातारपणी स्नायू झिजतात म्हणून अनेक तज्ज्ञ हे प्रमाण १ ते १.२ ग्रॅमपर्यंत नेतात. पंचेचाळीस किलोच्या आईला म्हणजे रोज किमान पंचेचाळीस ग्रॅम. हे साधायचे कसे, तर भाकरी, वरण, भाजी एकत्र करून मिक्सरमधून फिरवायची, असे कागद म्हणत होता. त्यातून जो करडा लगदा निघाला, त्याकडे पाहून आईने तोंड मिटून घेतले. ते हट्टाने मिटलेले नव्हते असे मला वाटते. ज्वारीच्या भाकरीला तिचा पापुद्रा असतो, वरणाला हिंगाचा वास असतो. ही ओळख पुसून टाकली की उरते ते केवळ पोषण.

मग जुनेच उपाय आठवले. गरम दुधात मुरवलेली भाकरी, वेगळ्या वाटीत घोटलेले वरण, ताकातल्या कण्या. मराठवाड्याच्या स्वयंपाकघराला दात नसलेल्या माणसांची सवय आहे. शेजारच्या खानसाहेबांचे वडीलही नान खलियाच्या रश्श्यात पुरते भिजल्याशिवाय तोंडात घालत नसत. या शहराच्या त्या प्रसिद्ध पदार्थाचा हा उपयोग कोणी लिहून ठेवल्याचे माझ्या पाहण्यात नाही. असो.

पाण्याची गोष्ट अवघड. छत्रपती संभाजीनगरला पाणी पैठणच्या नाथसागरातून येते आणि अनेक वस्त्यांना ते वर्षानुवर्षे काही दिवसांच्या अंतरानेच मिळत आले आहे. आईच्या पिढीने पाणी मोजूनच वापरले. त्यात वयाबरोबर तहानेची जाणीव बोथट होते, आणि रात्री उठावे लागेल या धास्तीने म्हातारी माणसे घोटही टाळतात. आईच्या बाबतीत तर पाणीच सर्वांत धोक्याचे ठरले: पातळ द्रव चटकन घसरतो आणि श्वासनलिकेत जाऊ शकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने दाटसर आंबील सुरू झाली, ताठ बसवून, हनुवटी किंचित खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास आडवे न होता. आंधळ्या आईबापांच्या तहानेसाठी पाणी आणायला गेलेल्या श्रावणाचे नाव राज्याच्या निवृत्तिवेतन योजनेला दिलेले आहे, हे त्या दिवसांत वारंवार मनात येई.

२००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येत अन्न, वस्त्र, निवारा आणि उपचार यांचा समावेश केला. अन्न देणे मुलांचे कर्तव्य ठरले, हे योग्यच. पण चमचा कोणाच्या हातात असावा, हे कायदा कसे सांगणार? आईचा डावा हात शाबूत आहे. जाड मुठीचा चमचा तिच्या हातात दिल्यापासून जेवणाला चाळीस मिनिटे लागतात, निम्मे पदरावर सांडते. मदतीला येणाऱ्या बाईंना हा खोळंबा वाटतो, आणि त्यांच्या पुढच्या घरची वेळ पाहता तो आहेही. तरी पोटात जाते ते पूर्वीपेक्षा जास्त.

परवा तिने ठेचा मागितला. ठसका लागेल म्हणून तिखटाला मनाई आहे. डॉक्टरांना विचारून, नखावर मावेल इतका ठेचा मी घट्ट दह्यात कालवून पुढे ठेवला. तिने चमचा उचलला, बराच वेळ जिभेवर घोळवला, गिळला. मग म्हणाली, “मीठ कमी पडलंय.”