तांबडं अंडं, पांढरं अंडं

कोल्हापूरकर तांबडा आणि पांढरा रस्सा एकाच ताटात घेतो. अंड्याच्या बाबतीत मात्र तो पक्का तांबड्याचा. गावठी म्हणजे तांबडं, हे त्याचं ठरलेलं, आणि त्यासाठी चार पैसे जादा मोजायचीही तयारी.

खाणाऱ्यानं हवं ते खावं. पण पिल्लं काढणारेही रंग बघून अंडी निवडायला लागले, की आम्हा पशुवैद्यांना तोंड उघडावं लागतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला एका गावात बचत गटानं छोटं इनक्युबेटर घेतलं होतं. एक मावशी ट्रेमध्ये अंडी मांडत होत्या आणि पांढरी तेवढी बाजूला काढत होत्या.

“पांढऱ्यातनं पिल्लू निघत न्हाई, डॉक्टर. दोनदा खुडूक कोंबडीखाली ठेवून बघितलं. पाणीच झालं.”

“कुठली होती अंडी, मावशी?”

“दुकानातली.”

तिथंच उलगडा झाला. दुकानातलं पांढरं अंडं येतं लेअर फार्मवरून, आणि तिथल्या पिंजऱ्यात कोंबडाच नसतो. असं अंडं 21 दिवस काय, 21 महिने उबवा. कोंबडा नव्हता, आणि बोल लागला रंगाला! त्या फार्मवरची बीव्ही-300 कोंबडी पांढरी अंडी देणाऱ्या व्हाइट लेगहॉर्न जातीच्या कुळातली. तीही कधीकाळी पांढरंच कवच फोडून बाहेर आलेली असते.

कोंबडीच्या पोटात कवच तयार व्हायला 20 तासांच्या आसपास लागतात. कवच मुळात पांढरंच. प्रोटोपॉर्फिरिन नावाचा तांबूस रंग त्यावर मुख्यतः शेवटच्या काही तासांत चढतो. म्हणून तांबडं अंडं फोडलं की कवच आतून पांढरं दिसतं. गिरिराज, वनराज या जातींच्या कोंबड्यांची अंडी तांबूस. काळ्या कडकनाथ कोंबडीचं अंडंही काळं असतं का, असं विचारणारे दर महिन्याला भेटतात. नसतं. फिकट बदामी असतं. रंग ही जातीची खूण, त्यावरून उबवण ठरत नाही.

पण एकाच कळपात रंग उतरायला लागला, तर मात्र मी कान टवकारतो. कोंबडी वयस्क झाली, उन्हाचा ताण पडला, कुत्रं शिरून घाबरली, तरी रंग फिका पडतो. एग ड्रॉप सिंड्रोम या रोगात अंडी घटण्याआधीच कवच पांढुरकं होऊ लागतं. एका पोल्ट्रीवर तर चार-पाच दिवसांत ट्रेच्या ट्रे पांढरे पडले. मालक रोग शोधत होता. मी खाद्याची पोती बघितली. ब्रॉयलरचं खाद्य अंड्यावरच्या कोंबड्यांना चुकून गेलं होतं आणि त्यात निकार्बाझिन होतं. हे औषध तांबड्या अंड्याचा रंग घालवतं आणि उबवणही खाली आणतं. पोती बदलली, हळूहळू रंग परतला.

गडद अंड्याचा एक तोटाही सांगतो. टॉर्च लावून तपासताना पांढऱ्या अंड्यात पाचव्या-सहाव्या दिवशी लाल शिरांचं जाळं स्वच्छ दिसतं. गडद तांबड्यात तेव्हा नुसता अंधार. आणखी दोन-चार दिवस थांबावं लागतं, आणि घाईघाईत जिवंत अंडंही उकिरड्यावर जातं.

रंगापेक्षा आमच्याकडचा पाऊस जास्त पिल्लं मारतो. पहिल्या 18 दिवसांत अंड्याचं वजन साधारण 12 टक्के घटावं लागतं, तेवढं पाणी छिद्रांतून उडून जावं लागतं. गगनबावड्यात श्रावणात हवाच ओली. तरी माहितीपत्रकात लिहिलंय म्हणून लोक यंत्रात पाण्याचं भांडं भरून ठेवतात. मग पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं.

तेव्हा अंडी बसवायची असतील तर रंग राहू द्या बाजूला. विकणाऱ्याला दोनच गोष्टी विचारा : कळपात कोंबडा आहे का, आणि अंडं किती दिवसांचं आहे? आठवड्यावरचं निघालं, तर सरळ ऑम्लेट करा.