लॉस्ट

ट्रॅप नेमबाजीत तबकडी फुटली नाही की पंच पुकारतो, ‘लॉस्ट’. बरीच वर्षं हा शब्द ऐकत आलो. आमच्या खेळाचं मूळ व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या जिवंत कबुतरांच्या नेमबाजीत आहे हे ठाऊक होतं, आणि मी तिची बाजूही घेत असे. उडत्या पाखराला टिपायचं कसब तबकडीला लागत नाही, असं रेंजवरच्या नव्या मुलांना ठासून सांगायचो.

मत फिरलं ते जुने नियम वाचताना. लंडनच्या फुलममध्ये १८६९ साली हर्लिंगहॅम क्लब निघाला तो याच खेळासाठी. समोर ओळीने पाच पेट्या, प्रत्येकीत एक कबुतर. ‘पुल’ म्हटलं की दोरी ओढली जाई. कोणती पेटी उघडणार हे नेमबाजाला कळत नसे. दोन बार काढायची मुभा. इथवर सगळं ओळखीचं वाटलं. पुढचा नियम मात्र असा: कबुतर ठरलेल्या हद्दीच्या आत पडलं तरच गुण. छर्रे लागून ते हद्दीपलीकडे जाऊन मेलं, तर ‘लॉस्ट’.

मी तिथेच अडलो. नेम तर लागलाय! मग कसब मोजायला हा नियम कशाला? त्या मैदानांवर पैजांचा पैसा वाहत असे, आणि पैजेला वाद नसलेला निकाल लागतो. तरबेज नेमबाजाला काही यार्ड मागे उभं करत, म्हणजे पैज चुरशीची राही. वेगवान म्हणून ‘ब्लू रॉक’ कबुतरं खास आणत. ज्या अनिश्चिततेला मी कसोटी म्हणत होतो, तिच्यावर बोली लागत होती. पाखरू म्हणजे फासा. हद्दीबाहेर पंख ओढत गेलेल्या जिवाची नोंद एवढीच, की कोणीतरी पैज हरला.

तेव्हा पर्याय नव्हता, असंही मी म्हणायचो. पण १८७० च्या दशकात काचेचे गोळे वापरात होते, १८८० मध्ये लिगोव्स्कीची मातीची तबकडी आली. तरी १८८३ मध्ये कॉमन्सने मंजूर केलेलं बंदीचं विधेयक लॉर्ड्सनी फेटाळलं. हर्लिंगहॅममध्ये कबुतरं मारणं १९०५ साली थांबलं. देशभर बंदीचा कायदा व्हायला १९२१ उजाडलं.

माझ्याकडून शिकलेल्या मुलांनो, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं. त्या प्रकाराला खेळ म्हणणं मी सोडलं आहे.