शिवणीतली माया

पुण्यात सध्या 'विंटेज' कपड्यांची चलती आहे. कुणीतरी वापरून टाकलेला, कॉलर विटलेला चौकडीचा शर्ट नव्या शर्टापेक्षा महाग मिळतो आणि आमच्या टीममधली पोरं तो हौसेनं घेतात. विचारलं तर म्हणतात, "त्याला कॅरेक्टर आहे रे!" आमच्या वेळी कॅरेक्टर सर्टिफिकेट कॉलेजच्या खिडकीवर दहा रुपयांत मिळायचं. :-) असो.

चेष्टा बाजूला. जुन्या धाटणीचे कपडे मलाही मनापासून आवडतात. 'रजनीगंधा' (१९७४) पासून 'गोलमाल' (१९७९) पर्यंतचा अमोल पालेकर आठवा. साधा फुल शर्ट, कमरेला वर बसणारी पँट, छातीवर कुठलाही लोगो नाही, आणि तरी माणूस व्यवस्थित दिसतो. 'गोलमाल'मधला तो आखूड कुर्ता तर काय विचारता! कुर्ता आखूड शिवला की कापड वाचतं हे तत्त्वज्ञान ऐकून उत्पल दत्त जे काही खूश होतात, त्याला तोड नाही.

फरक इतकाच, की मी हे कपडे पुण्यात घेत नाही. दिवाळी, लग्नकार्य किंवा एखादा लाँग वीकेंड साधून गावी गेलो की शेलूबाजारात शिवून घेतो. गेल्या चार वर्षांत माझं निम्मं कपाट तिथून भरलंय. ऑफिसात कुणी विचारलं, की मी नुसतं "शेलूबाजार" म्हणतो आणि समोरच्याला ते बाणेरमधल्या एखाद्या बुटिकचं नाव वाटतं!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेलूबाजार हे वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातलं, मालेगाव-कारंजा रस्त्यावरचं बाजाराचं गाव. वाशिम १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा जिल्हा झाला. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला आणि आमच्या गावाचं नाव इंटरचेंजच्या पाटीवर चढलं. त्याआधी पुण्यात गाव सांगायचं म्हणजे अकोल्यापासून सुरुवात करावी लागायची.

आता मुद्द्यावर येतो. बाजारगावातल्या कापड दुकानात दर्शनी भागात रेडीमेडच असतं, तिथं थांबायचं नाही. चप्पल काढायची, गादीवर बसायचं आणि शेठजींना मागच्या फळीवरचे तागे काढायला लावायचे. तिथं पॉपलीन असतं, मांजरपाट असतं, धोतरजोड्या असतात. आमच्याकडची म्हातारी माणसं अजून धोतर, बंडी, पांढरी टोपी वापरतात, म्हणून दुकानदार तो माल ठेवतो. म्हणजे ज्याला आपण 'विंटेज' म्हणतो, ते तिथं अजून चालू खात्यावर आहे. :-)

माझे चार नियम आहेत. कुणाला उपयोगी पडले तर बघा.

एक, कापडाचा पन्हा आधी विचारा. पन्हा म्हणजे रुंदी. ३६ इंची पन्ह्यात फुल बाह्यांच्या शर्टाला साधारण अडीच मीटर लागतं, ५८ इंचीत १.६ मीटरमध्ये भागतं. पँटीला ५८ इंचीतून सव्वा मीटर घेतात. पुढे चुण्या आणि खाली पलटी हवी असेल तर थोडं जास्त घ्या. तुम्ही उंच किंवा आडवे असाल तर शिंप्याला विचारूनच कापड फाडून घ्यावं.

दोन, 'प्युअर कॉटन आहे साहेब' यावर विसंबू नका. कापडाच्या कडेचे दोन धागे मागून घ्या आणि दुकानाबाहेर येऊन काडी लावा. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही जळक्या कागदाचा येतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा टणक मणी होतो. मिश्रण असेल तर दोन्ही थोडं थोडं.

तीन, कोरं सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवा, सावलीत वाळवा आणि मग शिवायला टाका. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. ते शर्ट झाल्यावर आटण्यापेक्षा कापड असतानाच आटलेलं बरं. (टेस्टिंग प्रॉडक्शनमध्ये करू नये, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.)

चार, शिंप्याला माया ठेवायला सांगा.

हा शब्द मला फार आवडतो. कपडा शिवताना शिवणीच्या आत जे जादा कापड सोडतात त्याला आपल्याकडे 'माया' म्हणतात. रेडीमेडमध्ये ती जेमतेम सेंटिमीटरभर असते. हजारो नग कापायचे असले की प्रत्येक सेंटिमीटरचे पैसे होतात, त्यामुळे त्यांचंही गणित बरोबर आहे. पण मग पोट सुटलं की पँट गेली. शिंपी मात्र पँटीच्या मागच्या शिवणीत दीड-दोन इंच माया ठेवतो. माणूस वाढणार, कमी होणार, त्याचं लग्न होणार, हे त्यानं धरलेलं असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर रेडीमेड कपडा हार्डकोडेड असतो आणि शिवलेला कॉन्फिगरेबल.

एवढं सगळं जमून आलं तरी घरात एक अडचण राहतेच. ती म्हणजे आमचे बाबा.

दोन वर्षांपूर्वी मी मांजरपाटाची बंडी शिवून आणली आणि संध्याकाळी अंगात घालून ओट्यावर बसलो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक. एरवी शुद्ध बोलतात, चिडले की वऱ्हाडीवर येतात. म्हणाले, "पुण्याले नोकरी करतं अन् मांजरपाट घालून बसतं? लोक म्हणतीन, पोट्ट्याची नोकरी गेली!"

यात गंमत कमी आणि काळजी जास्त होती. आमच्या क्षेत्रात अलीकडे काय चाललंय ते पेपरात येतंच, आणि बाबा पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.

मग त्यांनी सांगितलं. शाळेत असताना त्यांच्याकडे मांजरपाटाचा एकच सदरा होता. रात्री धुवायचा, सकाळी घालायचा. पावसाळ्यात तो वाळायचा नाही, मग ओलाच घालून जायचं. नोकरी लागल्यावर पहिल्या पगारात त्यांनी टेरिकॉटचं कापड घेतलं. टेरिकॉट म्हणजे पॉलिस्टर आणि सुताचं मिश्रण. ते चुरगळत नाही, झटकन वाळतं, इस्त्रीसाठी कोळसे पेटवायला लागत नाहीत. आज आपण त्याला नाकं मुरडतो, पण ज्या घरात आईच विहिरीवर धुणं धूत होती, त्या घरात टेरिकॉट आलं ही मोठी सोय होती. सुती कपडा चांगला की वाईट हे घालणाऱ्याइतकंच धुणाऱ्यालाही विचारायला हवं.

आणि हे एकट्या बाबांचं नाही. आपल्या समाजात कपड्यावरून माणसाची जात ओळखता यायची आणि तो कपडा बदलायची मुभा प्रत्येकाला नव्हती. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी बाबासाहेब आंबेडकर स्त्रियांशी बोलले, तेव्हा त्यांनी लुगड्याचा विषय मुद्दाम काढला. ज्या नेसण्यावरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखल्या जाता ती पद्धत सोडा, लुगडं घोट्यापर्यंत नेसा, असा त्यांचा सांगावा होता. स्वतः बाबासाहेब सुटाबुटात राहिले ते का, हे या बाजूनं बघितलं की नीट समजतं. त्यामुळे 'आजोबांच्या काळातला लूक' असं म्हणताना कुणाचे आजोबा, हा प्रश्न येतोच. कुणाच्या आजोबांना तो कपडा आवडत होता आणि कुणाच्या आजोबांवर तो लादलेला होता.

त्यात आमचा मुलूख कापसाचा. वऱ्हाडातला कापूस न्यायला इंग्रजांच्या काळात यवतमाळ-मूर्तिजापूर ही छोटी रेल्वे टाकली गेली. ती आमच्या शेजारच्या कारंज्यावरून जायची, तीच आपली शकुंतला. १९२१ साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ती गाडी ओढत होतं. कापूस गेला मँचेस्टरला, तिथून इंजिन आलं आणि कापडही आलं! नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, ती २००२ मध्ये बंद पडली. शकुंतलाही आता धावत नाही. कापूस मात्र आमच्या भागात अजून पिकतो, गाठी होऊन बाहेर जातो आणि कुठल्यातरी दूरच्या गावाचा शिक्का घेऊन शेठजींच्या फळीवर परत येतो.

या सगळ्या साखळीत जो एक दुवा अजून गावात आहे तो म्हणजे शिंपी. आमचे टेलरकाका बाबांच्याच वयाचे. जूनमध्ये शाळेचे गणवेश, लग्नसराईत थोडं काम, बाकी वर्षभर चेन बदलणे आणि पँटी आखूड करणे. मुलगा चाकणला कंपनीत आहे. उंच कमरेची, दोन चुण्यांची पँट सांगितली तेव्हा काका पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून म्हणाले, "हे कायले पायजे रे बाप्पा तुले? पण शिवून देतो. लय वर्षं झाले, हात विसरला नसंन."

हात विसरला नव्हता. कुठलाही कागदी साचा न घेता त्यांनी खडूनं सरळ कापडावर आखणी केली आणि कात्री चालवली. मी बघत बसलो. आपल्याकडे प्रोजेक्टचा 'बस फॅक्टर' काढतात ना, म्हणजे किती माणसं अचानक नाहीशी झाली तर काम बंद पडेल, तसा माझ्या ओळखीच्या बाजारात या पँटीचा बस फॅक्टर एक आहे.

मागच्या दिवाळीत मी काकांच्या मागे लागून ती आखणी जुन्या वर्तमानपत्रावर काढून घेतली. कागद माझ्या कपाटात घडी करून ठेवलाय. पण खरं सांगायचं तर ते नुसतं डॉक्युमेंटेशन आहे. सुती कापडाला कुठं ढील द्यायची आणि कॉलरमध्ये बुकरम किती जाड घालायचं, हे कागदावर येत नाही. काकांच्या शिलाईत मी घासाघीस करत नाही. कापणं, शिवणं, काज-बटण धरून एका शर्टाला त्यांचा अर्धा दिवस जातो. आपल्या अर्ध्या दिवसाचं बिल क्लायंटला किती लागतं ते आठवा आणि मग ठरवा.

त्याच दिवाळीत बाबांनी लोखंडी कपाटातून एक पँट काढून माझ्यासमोर ठेवली. १९८६ साली शिवलेली, चॉकलेटी टेरिकॉटची, सफारीतली. सफारीचा वरचा भाग केव्हाच गेला, पँट राहिली. म्हणाले, "तुले जुनंच पायजे ना? मंग हे घे. हे मी माह्या खुशीनं घेतलेलं हाय."

बाबा तेव्हा काडी होते आणि माझी नोकरी बैठी. पँट कमरेला बसेना. काकांकडे नेली. त्यांनी ब्लेडनं मागची शिवण उसवली, तर आत दोन्ही बाजूंनी मिळून भरपूर माया निघाली. तिथलं कापड जरा गडद होतं, कारण इतक्या वर्षांत त्याला ऊन लागलेलं नव्हतं. "हे माह्या बापानं शिवलेली हाय," काका म्हणाले, "तो माया ठेवल्याबिगर कापतच नसे." त्यांनी शिवण सैल करून दिली. मागे मधोमध बोटभर गडद पट्टा दिसतो. ऑफिसात एकानं विचारलं की ही डिझाईन आहे का. मी हो म्हणालो.

बाबांनी मला ती पँट घातलेली बघितली आणि काही बोलले नाहीत. फक्त खाली बघून म्हणाले, "लांबीले बरोबर हाय." बंडीवर त्यांचा राग अजून आहे, म्हणून ती मी पुण्यातच वापरतो. तेवढं त्यांचं ऐकायला काही हरकत नाही.

तर मंडळी, तुमचंही कुठंतरी एखादं शेलूबाजार असेलच. पुढच्या सुटीत जाल तेव्हा शर्टपीसपुरतं कापड घ्या, भिजवा आणि शिंप्याकडे टाका. मुक्कामाच्या पहिल्याच दिवशी टाका, म्हणजे निघायच्या आत एकदा घालून बघता येईल. घरातलं कपाट उघडण्याआधी, ज्याचे कपडे आहेत त्याला विचारा. तो एखादा कपडा देईल, एखादा देणार नाही, आणि का देत नाही ते सांगेल. ते ऐकायला थोडा वेळ हाताशी ठेवा.

आणि हो, माया ठेवायला सांगायला विसरू नका. दोन इंच तरी.