सात मते

आमचा उमेदवार सात मतांनी पडला. ही गोष्ट या कॉलेजातली नव्हे. याआधी मी जिथे शिकत होतो तिथली. स्नेहसंमेलनाच्या चिटणीसाची निवडणूक ती केवढी! पण निकाल फळ्यावर लागताच 'मोजणीत घोटाळा आहे' अशी आरोळी उठली. दहा मिनिटांत दगड सुरू झाले. काचा फुटल्या आणि एक दगड शिपाईकाकांच्या कपाळाला लागला. तो कोणाचा, हे कोणालाच ठाऊक नाही. मीही दोन मारले होते. पुढे फेरमोजणी झाली; तीत आमचा उमेदवार नऊ मतांनी पडला.

त्या उन्हाळ्यात मी मामांकडे बऱ्हाणपूरला गेलो. मामा इतिहासाचे निवृत्त शिक्षक. एका संध्याकाळी यंत्रमागांची खडखड मागे टाकून आम्ही तापीकाठच्या शाही किल्ल्यात गेलो. मुमताजमहल १६३१ साली याच गावी वारली, एवढे मला माहीत होते. मामांना त्यात रस नव्हता.

"जहांगीराचा थोरला मुलगा खुस्रौ १६२२ साली इथे मेला. धाकट्या भावाच्या, खुर्रमच्या कैदेत होता. बापाला कळवलं, पोटशूळाने गेला! तोच खुर्रम पुढे शहाजहान झाला. आणि १६५८ साली त्याचा मुलगा औरंगजेब इथूनच फौज घेऊन आग्र्याकडे निघाला. बाप कैदेत पडला, दारा आणि मुराद जिवानिशी गेले."

"ते बादशहा होते, मामा. आता मतपेट्या आहेत."

"केनियातही होत्या," मामा म्हणाले. "डिसेंबर २००७ मध्ये अध्यक्षाची निवडणूक झाली. मोजणीवर ओरड चालू असतानाच किबाकी विजयी जाहीर झाले आणि त्याच संध्याकाळी शपथविधी उरकला. ओडिंगांचे लोक रस्त्यावर आले. शेजाऱ्याने शेजाऱ्याचं घर जाळलं. हजारांवर माणसं मेली, लाखो बेघर झाली. कोफी अन्नान यांनी दोघांना समोरासमोर बसवलं, तेव्हा फेब्रुवारीअखेर समझोता झाला."

मग ते १९६९ च्या आपल्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीकडे वळले. हा त्यांचा आवडता विषय. चिंतामणराव देशमुख तीत उभे होते म्हणूनही असेल. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. देशमुख तिसरे आले. दुसऱ्या पसंतीची मते मिळवल्यावर गिरी ४,२०,०७७ आणि संजीव रेड्डी ४,०५,४२७! रेड्डींची बदनामी करणारे निनावी पत्रक खासदारांत वाटल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच वर्षी काँग्रेस दुभंगली. राष्ट्रपती असलेले गिरी स्वतः न्यायालयात साक्षीला आले. १९७० मध्ये याचिका फेटाळली गेली. रेड्डी १९७७ साली राष्ट्रपती झाले, तेही बिनविरोध.

"आठ वर्षं थांबला तो माणूस," मामा नदीकडे पाहत म्हणाले. "तुम्ही किती थांबलात रे?"

आईने त्यांना सगळे कळवले होते तर! मी काही बोललो नाही. परतताना यंत्रमागांचा आवाज पुन्हा जवळ येऊ लागला, तेव्हा बरे वाटले.

जूनमध्ये दाखला आणायला जुन्या कॉलेजात गेलो. शिपाईकाका स्टुलावर बसले होते. भुवईच्या वर टाक्यांची खूण होती. "काका, त्या दिवशी मीही दोन दगड मारले होते," मी म्हणालो. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिले.

"बिडु तम्मा," म्हणाले, आणि तास संपल्याची घंटा द्यायला उठले.