औशाचा इतिहास धरायचा कुठून?

शाळेत इतिहास शिकवत होतो तोवर माझं मत पक्कं होतं: मराठ्यांचा आरंभीचा इतिहास म्हणजे १६३० ते १६८०. आधीचं सगळं पार्श्वभूमी, चटकन उरकायचं. त्यात औसा बसायचाच नाही. किल्ला बहमनी काळातला, पुढे निजामशाहीच्या मलिक अंबरकडे आलेला. १६३६ मध्ये शहाजहानच्या फौजेनं तो घेतला तेव्हा शिवाजी महाराज सहा वर्षांचे. नंतर थेट १७६० ची उदगीरची लढाई. मधली सव्वाशे वर्षं आमचं गाव जणू कुणाच्याच इतिहासात नव्हतं.

हे मत नुसतं पाठ्यपुस्तकानं दिलेलं नव्हतं. हैदराबादच्या निजामाच्या राजवटीतल्या रझाकारांच्या आठवणी घराघरांत होत्या. १७ सप्टेंबर १९४८ ला ती राजवट संपल्यावर आपण महाराष्ट्राचेच, हे दाखवायची आम्हाला घाई झाली होती. फारसी कागद म्हणजे निजामाचे कागद, असं आम्ही ठरवूनच टाकलं. गंमत अशी, की ते कागद मराठीत आणायला झिजलेले सेतुमाधवराव पगडी शेजारच्या निलंग्याचे!

पगडी वाचायला लागलो आणि माझा हट्ट ढिला पडला. शहाजीराजांचे वडील मालोजी अहमदनगरच्या निजामशाहीचे सरदार. १६२४ मध्ये भातवडीला शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूनं लढले. हे वगळून स्वराज्य समजणार कसं?

अमेरिकेतल्या इतिहासकारांतही असाच वाद आहे. तिथं आरंभीचा इतिहास म्हणजे इंग्रजांच्या तेरा वसाहती, १६०७ च्या जेम्सटाउनपासून १७७६ पर्यंत, असं बराच काळ धरलं जाई. पण स्पॅनिशांनी फ्लोरिडात सेंट ऑगस्टीन वसवलं ते १५६५ मध्ये, म्हणजे आपल्या राक्षसतागडीच्या लढाईच्या साली. मिसिसिपीजवळचं काहोकिया हे तिथल्या मूळ रहिवाशांचं नगर तर त्याच्याही कित्येक शतकं आधीचं. शेवट १७७६ ला ठरवला की सुरुवातही त्याला साजेशी शोधली जाते. आम्ही शेवट रायगडावर ठरवला होता, म्हणून सुरुवात शिवनेरीवर.

मग मागं जायचं तरी किती? तालुक्यातली खरोशाची लेणी साधारण सहाव्या शतकातली; राष्ट्रकूट स्वतःला लट्टलूरचे, म्हणजे लातूरचे, स्वामी म्हणवत. सगळंच आत घेतलं तर ‘मराठ्यांचा’ म्हणायचं कशाला, असं माझे जुने सहकारी विचारतात. त्यांचं अगदीच चूक नाही. मी सध्या १३४७ पासून, बहमनी राज्यापासून धरतो. देशमुखी, पाटीलकी, किल्लेदारी हे सगळं शहाजीराजांच्या आधीच या सुलतानांच्या कारभारात मुरलं होतं. उद्या कुणी राष्ट्रकूटांपासून धरलं तर भांडेन. १६३० साठी मात्र आता भांडत नाही.