मशेरीच्या डबीशेजारी

मार्गशीर्षात जतला यल्लम्माची यात्रा भरते. गर्दीपासून जरा बाजूला, बाभळीच्या सावलीत ती माझ्याशेजारी टेकली. धंद्यावर पोट भरणारी, रोज दिवेलागणीला दारू लागणारी. इकडंतिकडं बघत हलक्या आवाजात म्हणाली, "अक्का, दारू प्याल्यावर ती गोळी खाल्ली तर इख हुतंय व्हय?"

ती गोळी म्हणजे प्रेप. टेनोफोव्हिर आणि एम्ट्रिसिटाबिन ही दोन औषधं असलेली, एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून रोज घ्यायची. मी म्हटलं, "विष होत नाही. पण पिल्यावर गोळी विसरते, धोका तिथं आहे."

पूर्वी अशा बाईला मी आधी म्हणायचे, "दारू सोड, मग बघू." बाई मान डोलवायची आणि पुन्हा फिरकायची नाही. व्यसन हा आजार आहे, हे पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून सांगत आलंय. त्यातून सुटायला वेळ लागतो; तोवर विषाणू थोडाच थांबतो!

निरोधचा निर्णय रात्री होतो. समोर पुरुष, बहुतेकदा तोही प्यालेला, आणि चार पैसे जास्त मिळण्याची भूल. गोळीचा निर्णय सकाळी, शुद्धीत, एकटीनं घेता येतो. दारू पिणाऱ्या बाईसाठी हा फरक फार मोठा आहे.

सांगलीत 1992 साली मीना सेषूंनी 'संग्राम' ही संस्था सुरू केली. तिथं धंद्याच्या वस्तीतल्या बायकांनीच एकमेकींना निरोध दिले, समजावलं. 1996 मध्ये त्यांची 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. त्यांच्याकडून मी एवढंच शिकले, की माहिती पुरती द्यावी आणि निर्णय तिच्याकडे ठेवावा.

म्हणून सगळं सांगितलं. आधी रक्त तपासायचं, मग दर तीन महिन्यांनी. गोळीनं गुप्तरोग किंवा गर्भधारणा टळत नाही, त्यासाठी निरोध लागतोच. गोळी सुरू नसताना निरोध फाटला, तर 72 तासांच्या आत दवाखाना गाठायचा. तिथं मिळणाऱ्या औषधांचा कोर्स 28 दिवसांचा. आणि नको वाटलं, तर नको म्हणायचं.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सकाळी मशेरी लावल्याबिगर मला सुधरत न्हाई. त्या डबीशेजारी ठिवली तर ध्यानात ऱ्हाईल."

मशेरी वाईट, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. ते गिळलं आणि म्हटलं, "चालेल की."