सह्यांचा कागद आणि सरपंच

खोडवा ठेवायचा का मोडायचा, हे आपण नांग्या मोजून ठरवतो, रागानं नाही. निवडून दिलेल्या माणसाचं काय?

आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारेंनी 2011 मध्ये लोकप्रतिनिधी परत बोलावण्याचा हक्क मागितला होता. 2013 ला सुप्रीम कोर्टामुळं 'नोटा'चं बटण आलं, पण परत बोलावणं काही आलं नाही. आमदार-खासदाराविरुद्ध गावोगाव सह्या गोळा केल्या तरी पद जात नाही.

सरपंचाचं वेगळं आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं आणि शेवटचे सहा महिने अविश्वास आणता येत नाही. मधल्या काळात तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर करायचा, मग ग्रामसभेत गुप्त मतदान. म्हणजे शेवटचा शब्द गावाचा, पण पहिला सदस्यांचा. चौथाईपेक्षा जास्त सदस्य गप्प बसले की गावभराच्या सह्या वाया.

हरियाणानं 2020 ला कायदा केला, तिथं ठरावीक प्रमाणात मतदारांनी लेखी मागणी केली की सरपंचासाठी मतदान लागतं. असा दरवाजा आपल्याकडंही हवा, असं माझं मत. अट मात्र कडक पाहिजे, नाहीतर पडलेला उमेदवार दुसऱ्याच दिवशी कागद घेऊन दारोदार फिरंल.

तोवर सह्या घ्यायच्याच असतील तर आधी आपल्या वॉर्डाच्या सदस्याला गाठा. कागदावर राग नको. कोणतं काम, किती पैसे, कुठं अडलं, तेवढं लिहा. नांग्या मोजून दाखवा.